'ईस्ट इंडियन' : एक नाव, दोन किनारे

प्रदेशावरून माणसाला लोकव्यवहारात जी नावे पडतात, त्यांच्यामागे भूगोलापेक्षा रोजगाराचा इतिहास अधिक असतो. प्रस्तुत लेखात त्रिनिदाद हे कॅरिबियन बेट आणि दांडी-तारापूरच्या दक्षिणेस याच किनारपट्टीवर असलेले साष्टी बेट यांच्या आधारे हे पाहावयाचे आहे.

त्रिनिदादच्या रहिवाशाला बोलीत 'ट्रिनी' म्हणतात, बार्बाडोसच्या रहिवाशाला 'बेजन'. ही नावे त्या लोकांनी आपुलकीने मिरविली आहेत. परंतु ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाजातून त्रिनिदादला उतरलेले हिंदी मजूर, व त्यानंतर १९१७ पर्यंत करारावर आलेले त्यांचे बांधव, यांच्या वाट्याला 'कुली' हे हिणवणारे नाव आले. सरकारी दप्तरात ते 'ईस्ट इंडियन' होते. कोलंबसाने ज्या भूमीला भ्रमाने 'इंडीज' मानले, तेथे खऱ्या हिंदी माणसालाच 'पूर्वेकडील' हे विशेषण लावावे लागले, ही इतिहासाची थट्टाच म्हणावी लागेल.

हेच नाव आपल्या किनाऱ्यावर निराळ्या कारणाने आले. वसई-साष्टीत पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेला समाज मराठी बोलणाराच राहिला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तारापूर व वसई जिंकल्यावरही तो येथेच होता. पुढे इंग्रजी मुंबईत गोव्याचे ख्रिस्ती नोकरीसाठी येऊ लागले आणि दोघांनाही 'पोर्तुगीज' म्हटले जाऊ लागले. नोकऱ्यांवरील आपला हक्क वेगळा दिसावा म्हणून स्थानिक ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. त्यामागे ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या चाकरीचे स्मरण होते. म्हणजे हे नाव जिव्हाळ्यापेक्षा अर्जाच्या कागदासाठी अधिक उपयोगी होते. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाचे 'कुपारी' हे नाव तसे नाही. ते 'कंपाद्रे' या पोर्तुगीज शब्दापासून आले असे मानतात. बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता आणि मुलाचे आईवडील यांचे परस्पर नाते त्यात आहे. 'ट्रिनी'शी खरे साम्य याच नावाचे आहे.

मुंबईत 'घाटी' हा शब्द घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराला व हमालाला चिकटला आणि अवहेलनेचा झाला. घाटावरचा सधन मनुष्य सहसा त्यातून सुटला. 'भैया' म्हणजे तर भाऊ. तथापि बोईसरच्या कारखान्यात कामाला आलेल्या उत्तर भारतीयाला, त्याचे गाव गोरखपूरकडचे की आऱ्याकडचे हे न विचारताच, ते नाव मिळते. त्रिनिदादला गेलेल्या मजुरांपैकी पुष्कळ जण याच भोजपुरी पट्ट्यातील होते.