चाकांचा कायदा

मुंबईहून अहमदाबादेस जाणारा हमरस्ता आणि खानदेशातून नवापूर, व्यारा, बारडोली करीत सुरतेकडे येणारा रस्ता हे दोन्ही पलसाण्यापाशी एकमेकांस भेटतात. मागे कामानिमित्त त्या वाटेने जात असता एका टायरवाल्याच्या दुकानाशी आमची गाडी थांबली होती. धुळ्याकडचा एक ट्रकचालक झिजलेल्या टायरावर नवा थर चढविण्याचा भाव करीत उभा होता. रबर रस्त्याला घट्ट धरणारे हवे आणि वर्षभर टिकणारेही हवे, असा त्याचा आग्रह. दुकानदाराने हसून त्याला सांगितले की, या दोन गोष्टी एकाच टायरात नांदत नाहीत. एक घ्यावी, दुसरी सोडावी.

त्या साध्या बोलण्यात जगातील सर्वांत वेगवान शर्यतींचे मर्म सामावलेले आहे, हे त्या दोघांच्या स्वप्नीही नसेल. फॉर्म्युला वनच्या गाड्यांची चाके देवाच्या रथासारखी उघडी असतात. या गाड्यांच्या टायरांत रबर, काजळी, तेल, गंधक इत्यादींचे जे मिश्रण असते त्यास कंपाऊंड म्हणतात. मिश्रण मऊ असले तर चाक रस्त्यास चिकटते व गाडी वळणावर वेग राखते, पण ते लवकर झिजते. कठीण असले तर ते टिकते, पण पकड कमी. कोणते मिश्रण किती वापरावे याविषयी वेळोवेळी नियम झाले. त्या नियमांचा इतिहास कायद्याच्या अभ्यासकाला एखाद्या गाजलेल्या खटल्याइतकाच उद्बोधक वाटावा असा आहे.

२००५ साली असा नियम झाला की, पात्रता फेरी आणि शर्यत मिळून टायरांचा एकच संच वापरावा. पंक्चर वा धोका असल्याशिवाय तो बदलू नये. हेतू हा की वेग आटोक्यात यावा. पण नियम कर्त्याच्या अपेक्षेप्रमाणेच वागेल असे नसते. त्याच वर्षी १९ जून रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे त्याची कसोटी लागली. तेथील एका उतरत्या, वेगवान वळणावर मिशेलिन कंपनीचे टायर सरावातच फुटले. ते टायर पूर्ण शर्यत सोसणार नाहीत असे खुद्द कंपनीनेच कळविले. वळणापूर्वी गती रोखणारा अडथळा घालावा, अशी त्या संघांची मागणी. महासंघाने ती नाकारली. वळणावर हळू चालवा, असे सांगितले. अखेर शर्यतीपूर्वीची फेरी संपताच मिशेलिनच्या चौदा गाड्या आत वळल्या आणि ब्रिजस्टोनच्या केवळ सहा गाड्या धावल्या. प्रेक्षक संतापले.

त्या सहांत जॉर्डन संघातर्फे कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला व त्याला पाच गुण मिळाले. भारतीय चालकाच्या नावावर फॉर्म्युला वनमध्ये आजवर जमा झालेले गुण हेच आणि एवढेच. त्याच्या मागे दोनच गाड्या होत्या, म्हणून हे यश पोकळ, असे म्हणणारे आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. जे त्या रस्त्याला सोसणारे टायर घेऊन आले, त्यांनी नियम पाळला. जे आले नाहीत, त्यांच्यासाठी शेवटच्या घटकेस रस्ताच बदलणे हा पहिल्यांवर अन्याय ठरला असता. माघार घेणाऱ्यांनीही चालकांचे प्राण वाचविले, हे त्यांचे श्रेय नाकारू नये. तथापि दोष असेल तर तो अपवादाला पुरेशी जागा न ठेवणाऱ्या कायद्याचा आहे. त्या कायद्याखाली प्रामाणिकपणे धावलेल्या चालकाचा नव्हे. पुढच्याच हंगामात, २००६ साली, तो नियम रद्द झाला.

२००७ पासून टायर पुरविणारी एकच कंपनी राहिली. सर्वांचे टायर सारखेच, तेव्हा चुरस कशी राहावी? त्यावर तोडगा असा निघाला की, कोरड्या शर्यतीत प्रत्येकाने दोन निरनिराळ्या मिश्रणांचे टायर वापरलेच पाहिजेत. म्हणजे जे मिश्रण आपल्या गाडीस मानवत नाही तेही काही काळ सोसणे भाग. कायद्याने सर्वांवर सारखे कर्ज लादले, परंतु फेडीची तिथी मात्र ऋणकोवर सोपविली. तिथी कोणती निवडावी, यालाच डावपेच म्हणतात.

याचे सुरेख उदाहरण आपल्याच देशात घडले. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर साठ फेऱ्यांची शर्यत होती. त्या दिवशी मऊ टायर फार लवकर विरत होते. पात्रता फेरीत पहिल्या दहांत आलेल्यांनी ज्या टायरांवर ती वेळ नोंदविली त्यांवरच शर्यत सुरू करावी, असाही त्या काळी नियम होता. सेबास्टियन वेटेल मऊ टायरांवर सर्वांत पुढे उभा राहिला. दुसरी फेरी संपताच तो आत वळला व मध्यम टायर बसवून सतराव्या क्रमांकावर बाहेर पडला. जे कर्ज कधीतरी फेडायचेच ते त्याने पहिल्याच दिवशी फेडले. मग एकेकास मागे टाकीत तो जवळजवळ अर्ध्या मिनिटाच्या अंतराने जिंकला आणि चौथे जगज्जेतेपद त्याने तेथेच मिळविले. सतराव्या स्थानावरून निघालेला रोमां ग्रोझां एकदाच थांबून तिसरा आला. नियम एकच, परंतु वाटा दोन, आणि दोन्ही फळल्या.

नियम वाढविला की डावपेच संपतात, असेही नाही. २०२५ साली मोनाकोत टायरांचे किमान तीन संच वापरण्याची सक्ती झाली. अरुंद रस्त्यावर कोणी पुढे जाऊ शकत नाही, ती कोंडी फुटावी हा हेतू. घडले उलटेच. काही संघांनी आपलीच एक गाडी मुद्दाम हळू चालवून मागची रांग रोखली आणि दुसऱ्या गाडीस थांबण्यापुरता अवकाश मिळवून दिला. कायद्याची अक्षरे पाळली गेली, हेतू मात्र हरला.

आपणांपैकी जे कुलदेवतेच्या दर्शनास फोंड्याकडे जातात त्यांना उसगावचा एमआरएफचा कारखाना ठाऊक असेल. मंगेशी-कवळ्याच्या घंटानादापासून फार दूर नसलेल्या त्या जागी टायर घडतात. याच कंपनीने भारतात उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यतीही वर्षानुवर्षे चालविल्या आहेत. तेव्हा हा विषय आपल्यास परका नाही.

जत्रेत रथाचे दोर ओढणारे शेकडो असतात, परंतु चाकाखाली पाचर घालणारा एखादाच. पाचर चुकली तर रथ भरकटतो. जरुरीपेक्षा जास्त बसली तर तो हलतच नाही. नियम करणाऱ्याचे काम त्या पाचरवाल्यासारखे आहे. २००५ ची पाचर जागची हलेना, मोनाकोची चुकीच्या जागी बसली. बुद्ध सर्किटवर मात्र ती नेमकी पडली आणि रथ डौलाने चालला.