डब्यातली बचत कुणाच्या खात्यावर?



घरचा डबा नेला की पैसे वाचतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मोशीहून भोसरीला किंवा चाकणला कामावर जाणाऱ्या बायामाणसांच्या पिशव्या बघा, डबा दिसेलच. पण हे वाचलेले पैसे येतात कुणाच्या कष्टातून, आणि जातात कुणाच्या हातात? आज त्याचा थोडा इतिहास बघू.

शेतावर भाकरी बांधून न्यायची रीत फार जुनी. पण गिरण्या आणि कचेऱ्या आल्या, घर आणि कामाची जागा लांब गेली, तेव्हा डब्याला मोल आलं. मुंबईत 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी लोकांच्या घरचा डबा कामाच्या ठिकाणी पोचवायला सुरुवात केली. पुढे या कामात आले ते बहुतेक आपल्याच शेजारचे, खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावकडचे गडी. डबेवाल्यांचं नाव जगभर झालं, आणि ते त्यांच्या कष्टाचंच आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. डबा पोचवायला पैसे मिळत होते. तोच डबा सकाळी उठून भरणारीला मात्र काही मिळत नव्हतं. ते घरचंच काम धरलं गेलं.

मुंबईच्या गिरणगावात वेगळी गोष्ट घडली. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार बायकामुलांना गावी ठेवून एकेका खोलीत दाटीनं राहायचे. त्यांना डबा करून देणार कोण? मग चाळीतल्या बायांनी खानावळी चालवल्या. आपल्याच चुलीवर दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करायचा आणि महिन्याच्या पगाराला पैसे घ्यायचे. चपाती तीच, कालवण तेच. पण बाहेरच्या माणसासाठी केलं, तेव्हा त्याचा हिशोब झाला.

त्या हिशोबातही बाईच्या हाती फारसं उरत नव्हतं. पैसे मिळायचे महिन्याच्या शेवटी, वाण्याचा माल लागायचा रोज. मग उधारी, सावकाराचं व्याज, नाहीतर अंगावरचा दागिना गहाण. संप झाला की कामगारांकडून पैसे यायचे थांबत, तरी चूल पेटती ठेवावी लागे. हे जवळून पाहिलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला काही नसलेल्या बाया एकमेकींच्या भरवशावर उभ्या राहिल्या. आपले बचत गट पुढे ज्या वाटेनं गेले, ती हीच वाट.

आपल्या भागात कारखाने नंतर आले. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि पुढे भोसरी, चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. घरच्या डब्याची दखल कायद्यानंही घेतली होती. 1948 च्या कारखाने कायद्यात 250 पेक्षा जास्त कामगार असतील तिथे कँटीन, आणि 150 पेक्षा जास्त असतील तिथे घरून आणलेला डबा खायला पिण्याच्या पाण्यासह जागा, अशी तरतूद केली गेली. डबा खायला बसायची जागा हा कामगाराचा हक्क झाला. डबा करणारीचं काय, हे त्यात नव्हतं. ते आपणच ठरवायचं आहे.

आता आपला हिशोब मांडू. समजा नाक्यावरची थाळी 80 रुपये. घरच्या डब्याला पीठ, भाजी, तेल, गॅस मिळून 35 रुपये. दिवसाला 45 रुपये वाचले. महिन्याचे 26 दिवस धरले तर 1,170 रुपये, वर्षाचे 14,040. तुमच्याकडचे भाव घालून हा हिशोब वहीत करून बघा. आणि त्यापुढे आणखी एक ओळ लिहा: त्या डब्यासाठी रोज एक तास गेला असेल, तर महिन्याला 26 तास. म्हणजे हे 1,170 रुपये आकाशातून पडले नाहीत. ती तुमच्या 26 तासांची मजुरी आहे, तासाला 45 रुपयांनी.

म्हणून डबा बंद करा असं मी म्हणत नाही. उलट रोज न्या. पण वाचलेले पैसे घरखर्चात विरघळू देऊ नका. त्यातला ठरलेला भाग दर महिन्याला गटात किंवा बँकेत स्वतःच्या नावावर टाका. घरात सांगा, की ही डब्याची बचत आहे. जो डबा नेतो त्याला आदल्या रात्री भाजी निवडू द्या, सकाळी डबा भरू द्या. मुलगा असो की नवरा.

आणि ज्या मैत्रिणी खोल्यांवर राहणाऱ्या कामगार पोरांना डबे देतात, त्यांनी भाव ठरवताना फक्त किराणा आणि गॅस धरू नये. आपला तासही धरावा. खानावळवाल्या बायांना हे उमगायला फार वर्षं लागली. आपल्याला गटाच्या पुढच्या बैठकीत वही उघडली तरी पुरेल.