एल्फिन्स्टनचा कारभार

परमुलखात चाकरी करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींनी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे केवळ पेशवाई बुडविणारा इंग्रज म्हणून पाहणे पुरेसे नाही. तोही परमुलखात आलेला कारभारी होता, आणि त्याच्या कारभाराची पारख आम्हांस अधिक चांगली करता यावी.

१७७९ साली स्कॉटलंडमधील सरदार घराण्यात जन्मलेला हा तरुण १७९६ मध्ये कलकत्त्यास उतरला तेव्हा अवघा सोळा वर्षांचा होता. १८०३ मध्ये असईच्या लढाईत तो वेलस्लीसोबत होता. पुढे नागपूर दरबारी रेसिडेंट, १८०८ मध्ये अफगाण शाह शुजाकडे वकील आणि १८११ पासून पुण्यास रेसिडेंट, अशी त्याची चढती कमान होती. जून १८१७ च्या तहाने त्याने बाजीरावास जखडून टाकले. ५ नोव्हेंबर रोजी खडकीची लढाई झाली. संगमावरील त्याची रेसिडेन्सी व तीतील ग्रंथसंग्रह त्या दिवशी जळाला. पुढल्या जूनमध्ये बाजीराव शरण गेला.

जिंकलेला मुलूख हाती येताच मात्र या माणसाने मोडतोडीची घाई केली नाही. १८१९ च्या अहवालात त्याने पाटील, कुलकर्णी, देशमुख यांची कामे बारकाईने नोंदली आणि पंचायतीचे दोष दाखवूनही ती राखावी, असा अभिप्राय दिला. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८२७ मध्ये कायद्यांची संहिता तयार झाली. एकदा त्याच्या तंबूत छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्जने विचारणा केली, तेव्हा ही पुस्तके एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी आहेत, पण आपल्याला मायदेशी नेणारा राजमार्गही हाच, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे ब्रिग्जने सांगून ठेवले आहे.

तथापि पंचायत टिकली नाही. वर सरकारी अदालती बसल्यावर गावच्या निवाड्यास वजन कोठून राहणार? एल्फिन्स्टनला मुलूख समजला होता. त्या मुलखापुढे जाब देण्याचा प्रसंग मात्र त्याच्यावर कधीच आला नाही. पुढे गव्हर्नर-जनरलपद नाकारून तो ग्रंथलेखनात रमला आणि १८५९ मध्ये वारला.

परप्रांतीचे दप्तर उघडताना त्याची जिज्ञासा आम्ही जरूर घ्यावी. जाब देण्याचे बंधन मात्र आमचे स्वतःचे आहे. ते सैल होऊ देता कामा नये.