ज्वलनशील, मग विषारी, मग कर्करोगकारक: बेंझीनच्या वर्गवारीचा इतिहास

बेंझीन हा रंगहीन, पातळ आणि गोडसर वासाचा द्रव आहे. तो ८०.१ अंश सेल्सिअसला उकळतो, ५.५ अंशांना गोठतो आणि उघडा ठेवला की भराभर उडून जातो. रंग, औषधे, प्लॅस्टिक, कृत्रिम धागे, डिटर्जंट अशा असंख्य वस्तूंच्या मुळाशी हा द्रव असतो. युरोपीय महासंघाच्या नियमांप्रमाणे आज त्याच्या पिंपावर धोक्याचे सात शेरे लागतात: सहज पेटणारा द्रव, त्वचेला दाहक, डोळ्यांना दाहक, गिळल्यास फुप्फुसांत उतरून घातक, वारंवारच्या संपर्काने रक्ताची हानी करणारा, आनुवंशिक दोष निर्माण करू शकणारा आणि माणसात कर्करोग घडवणारा. शेवटच्या शेऱ्याची श्रेणी १अ आहे. माणसांवरचाच पुरावा उपलब्ध असेल, तेव्हाच ही श्रेणी दिली जाते. पहिला शेरा आणि हा शेवटचा शेरा यांच्यात शंभराहून अधिक वर्षे गेली. आगीचा धोका क्षणात दिसतो, म्हणून त्याला वर्ग लवकर मिळाला. अस्थिमज्जेतला बिघाड वर्षानुवर्षे मुका राहतो, म्हणून त्याला थांबावे लागले.

मायकेल फॅरेडेने १८२५ साली लंडनमध्ये हा द्रव प्रथम वेगळा केला. दिव्यांसाठी दाबाखाली भरलेल्या गॅसच्या भांड्यांत तळाशी जे तेल साचे, त्यातून तो मिळाला. दोन दशकांनंतर लंडनच्याच रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत ऑगस्ट हॉफमान यांच्या हाताखालच्या चार्ल्स मॅन्सफिल्डने कोळशाच्या डांबरातून बेंझीन मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत बसवली. त्यामुळे प्रयोगशाळेतली दुर्मीळ वस्तू कारखान्यात आली. फेब्रुवारी १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नमुने तयार करताना मॅन्सफिल्डच्या भट्टीवरचे भांडे उतू गेले आणि पेटले. जळते भांडे बाहेर नेण्याच्या प्रयत्नात तो भाजला आणि काही दिवसांत दगावला. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.

बेंझीनच्या पहिल्या धोक्याबद्दल त्यानंतर कोणाला शंका उरली नाही. प्रश्न होता तो मोजण्याचा. दिव्याचे तेल म्हणून विकल्या जाणाऱ्या पेट्रोलियमच्या आगींमुळे ब्रिटनमध्ये १८६२ साली कायदा झाला, आणि ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेते ते तापमान, म्हणजे फ्लॅश पॉइंट, हा वर्गीकरणाचा आधार ठरला. सुरुवातीच्या चाचण्या उघड्या भांड्यात होत आणि त्यांचे निकाल हातागणिक बदलत. फ्रेडरिक एबल हा हॉफमान यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्याने बंद झाकणाचे उपकरण तयार केले आणि १८७९ च्या कायद्याने ते प्रमाण मानले. वादाला जागा न ठेवणारा एक आकडा हाती आला. बेंझीनसाठी तो उणे ११ अंशांच्या आसपास आहे. कोणत्याही ऋतूत, अगदी गोठलेल्या अवस्थेतसुद्धा, त्याची वाफ पेटू शकते, असा त्याचा अर्थ. हवेत साधारण सव्वा टक्का वाफ मिसळली की स्फोटाला पुरेशी होते, आणि ती हवेपेक्षा पावणेतीन पट जड असल्याने जमिनीलगत दूरवर पसरते.

हीच पद्धत भारतात आली. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात पेट्रोलियमची व्याख्या कोणताही द्रव हायड्रोकार्बन अशी व्यापक आहे, त्यामुळे बेंझीनही तिच्यात बसते. आज फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली असलेल्या द्रवांचा वर्ग ‘अ’ धरला जातो आणि त्यांचा साठा, टाक्यांमधले अंतर, वाहतूक यांसाठी परवाने लागतात. हे परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. आगीच्या बाजूने पाहता बेंझीनची वर्गवारी एकोणिसाव्या शतकातच जवळजवळ पूर्ण झाली होती. पुढे जे घडले ते सारे रक्ताच्या बाजूने.

१८९७ साली स्वीडनच्या सी. जी. सान्तेसॉन यांनी उप्सालामधल्या सायकलचे टायर बनवणाऱ्या कारखान्यातल्या तरुण कामगार स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. रबर बेंझीनमध्ये विरघळवून केलेले सोल्यूशन त्या दिवसभर हाताळत. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई, अंगावर निळेकाळे डाग उठत आणि अशक्तपणा वाढत जाई. चौघींचा मृत्यू झाला. अस्थिमज्जेने रक्तपेशी तयार करणेच थांबवले होते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या धंद्यातल्या एका रुग्णाचीही अशीच नोंद झाली. पुरावा समोर होता, पण वर्ग मिळाला नाही. त्या काळात विष म्हणजे जे खाल्ल्यावर किंवा हुंगल्यावर तासा-दोन तासांत मारते ते. बेंझीनची वाफ जास्त हुंगली तर गुंगी येते, माणूस बेशुद्ध पडतो आणि बाहेर मोकळ्या हवेत आणला की बहुधा सावरतो. या सावरण्यानेच अनेकांची दिशाभूल केली.

दिशाभूल किती खोल होती हे औषधशास्त्रात दिसते. बेंझीनने पांढऱ्या पेशी कमी होतात हे कळल्यावर १९१२ मध्ये बुडापेस्टचे शांडोर कोरान्यी यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांना ते औषध म्हणून दिले. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तेव्हा त्या घटवणारा पदार्थ उपयोगी पडेल, असा तो तर्क. काही काळ रक्ताचे आकडे सुधारलेही. हेच रसायन ल्युकेमिया घडवते, हे लक्षात यायला आणखी काही दशके जायची होती. घरगुती वस्तूंतही ते सर्रास वापरले जाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत कॉफीतले कॅफीन काढून टाकण्यासाठी प्रथम जो विद्रावक वापरला गेला, तो बेंझीनच होता.

पहिल्या महायुद्धाने परिस्थिती बिघडवली. स्फोटकांसाठी टोल्युईन हवे होते. ते काढताना कोक भट्ट्यांमधून बेंझीनही भरमसाट निघे. युद्ध संपल्यावर हा स्वस्त साठा रबर, चामडे, लाखेचे रंग आणि गोंदांच्या धंद्यात शिरला. अमेरिकेत कारखान्यातल्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या अॅलिस हॅमिल्टन यांनी १९२२ साली वैद्यकीय नियतकालिकात या वाढत्या धोक्याचा इशारा दिला. हॅमिल्टन यांची पद्धत साधी होती: कारखान्यात जायचे, हवा पाहायची, कामगारांच्या घरी जाऊन चौकशी करायची. १९२६ मध्ये तिथल्या नॅशनल सेफ्टी काउन्सिलच्या समितीने मोठा अहवाल दिला. हवेतले प्रमाण शंभर पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भाग हवेत शंभर भागांच्या, खाली आणले तरी धोका उरतोच, म्हणून शक्य तिथे दुसरा विद्रावक वापरावा, असे समितीचे म्हणणे होते. हा सल्ला तेव्हाच अमलात आला असता तर पुढच्या पन्नास वर्षांतले कित्येक मृत्यू टळले असते.

झाले ते उलटे. पर्याय शोधण्याऐवजी आकडा ठरवण्याची वाट धरली गेली. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने १९४६ साली शंभर पीपीएम ही मर्यादा सुचवली. पुढच्या दोन वर्षांत ती ५० आणि मग ३५ झाली, पन्नासच्या दशकाअखेर २५ आणि सत्तरच्या दशकात १०. दर वेळी जुनी मर्यादा सुरक्षित समजून काम केलेल्या माणसांच्या रक्ताने नवी मर्यादा ठरवली. पेट्रोलियम कंपन्यांची अमेरिकी संघटना आपल्या १९४८ च्या विषशास्त्रीय आढाव्यात, खऱ्या अर्थाने निर्धोक प्रमाण शून्यच, अशा आशयाचे नोंदवून गेली होती. तरी त्याच आढाव्यात व्यवहारासाठी मर्यादा सुचवलेली होती.

ल्युकेमियाशी नाते जोडणारी पहिली नोंद १९२८ मध्ये फ्रान्समधून आली. एका रुग्णावरून वर्ग ठरत नाही. त्यासाठी संख्या लागतात, आणि त्या मोचीकामाच्या कारागिरांकडून मिळाल्या. इटलीत एन्रिको विलियानी यांनी मिलानच्या दवाखान्यात आलेल्या चप्पल-बूट आणि छपाई व्यवसायांतल्या रुग्णांची माहिती वर्षानुवर्षे जमवली. इटलीने १९६३ मध्ये विद्रावकांतल्या बेंझीनवर कायद्याने बंधन आणले. इस्तंबूलमध्ये मुझफ्फर अक्सोय यांचे काम अधिक ठसठशीत आहे. तिथल्या मोच्यांनी साठच्या दशकाच्या सुमारास पेट्रोलमध्ये केलेला गोंद सोडून बेंझीनचा गोंद घेतला. खोल्या लहान, हवा कोंडलेली, प्रमाण शेकडो पीपीएम. अक्सोय यांनी १९७४ साली मांडलेल्या नोंदींनुसार सुमारे २८,५०० कारागिरांत ल्युकेमियाचे २६ रुग्ण आढळले. सर्वसाधारण लोकसंख्येच्या दुपटीहून अधिक. बेंझीनचा गोंद मागे पडू लागल्यावर तिथले रुग्णही घटत गेले.

१९७७ मध्ये पीटर इन्फान्टे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओहायोमधल्या दोन कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे रबरापासून पारदर्शक वेष्टन-पापुद्रा बनवला जाई. ल्युकेमियाने झालेले मृत्यू अपेक्षेच्या किमान पाचपट निघाले. सरकारने मर्यादा १० वरून १ पीपीएमवर आणली. उद्योग न्यायालयात गेले. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नवी मर्यादा रद्द ठरवली. धोका लक्षणीय आहे हे आधी सरकारने दाखवावे, असे निकालाचे सार. लक्षणीय म्हणजे किती, याचे दिशादर्शनही निकालात होते: अब्जात एक मृत्यू म्हणजे नगण्य, हजारात एक म्हणजे लक्षणीय. धोक्याचे मोजमाप कायद्याच्या भाषेत मांडण्याचा हा टप्पा महत्त्वाचा आहे, पण त्याची किंमत कामगारांनी दिली. सारे पुन्हा सिद्ध करून एक पीपीएमची मर्यादा लागू व्हायला १९८७ उजाडले. मधली वर्षे दहा पीपीएमवरच गेली.

त्याआधीच, १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीन गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत, टाकले होते. हा गट पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगतो. किती हुंगले तर किती धोका, हे सांगत नाही. बेंझीन कर्करोग कसा घडवते, हे आता बरेच उलगडले आहे: यकृतात बेंझीनचे फिनॉल आणि हायड्रोक्विनोन होते, ते अस्थिमज्जेत पोचून क्विनोनमध्ये बदलते आणि पेशी जिथे जन्मतात तिथेच गुणसूत्रांना इजा करते.

वर्गवारीच्या पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत याचे ठळक उदाहरणही बेंझीनच आहे. अमेरिकेच्या अग्निसंरक्षण संघटनेने १९६१ साली चार रंगांच्या चौकटीची खूण स्वीकारली. ती भारतातल्या टाक्यांवरही दिसते. बेंझीनसाठी तिच्यातल्या लाल चौकोनात ३ आणि आरोग्याच्या निळ्या चौकोनात प्रचलित नोंदींत अवघे २ लिहिलेले असतात. ही खूण आग विझवायला आलेल्या माणसासाठी आहे, पंधरा मिनिटांच्या संपर्काची. पंधरा वर्षांच्या नोकरीची नाही. निळा आकडा पाहून रोजच्या कामाची कल्पना करणारा माणूस हमखास फसतो. वाहतुकीची पद्धतही तशीच अपघातासाठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या १९५६ पासूनच्या शिफारशींप्रमाणे बेंझीनचा क्रमांक १११४ आणि वर्ग ३, म्हणजे ज्वलनशील द्रव. टँकरवरच्या पाटीवर कर्करोगाचा उल्लेख नसतो. दीर्घकालीन हानीला पाटीवर जागा मिळाली ती रिओच्या १९९२ च्या परिषदेनंतर सुरू झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक एकसमान पद्धतीत. छातीवर तारा फुटलेली माणसाची आकृती त्या पद्धतीतली.

भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बेंझीनची विषबाधा हा नोंदवण्याजोगा व्यावसायिक आजार होता. असा रुग्ण दिसला की डॉक्टरने कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकाला कळवायचे असे. ही नोंद माणूस आजारी पडल्यावरची. आजार होण्याआधी हवेवर बंधन आले ते भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने. त्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण जोडले, हवेतल्या प्रमाणाच्या मर्यादा दुसऱ्या परिशिष्टात आणल्या आणि कामगाराला व परिसराला माहिती देणे मालकावर बंधनकारक केले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बेंझीनविषयीचा करार १९७१ चा; त्याने २५ पीपीएमची कमाल मर्यादा घातली होती. भारताने तो १९९१ मध्ये मान्य केला, म्हणजे अमेरिकेत एक पीपीएम लागू होऊन गेल्यावर. महाराष्ट्रात रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये बेंझीनपासून नायट्रोबेंझीन आणि अॅनिलीन बनत असे. रसायनी, माहूल, ठाणे-बेलापूर या रासायनिक उद्योगांच्या पट्ट्यांतल्या कामगारांसाठी या तारखा म्हणूनच महत्त्वाच्या आहेत.

कारखान्याबाहेरची वर्गवारी अलीकडची आहे. भारत स्टेज ३ पासून पेट्रोलमध्ये बेंझीन एक टक्क्याहून जास्त चालत नाही, आणि २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार शहराच्या हवेत त्याची वार्षिक सरासरी घनमीटरला पाच मायक्रोग्रॅमपर्यंतच असावी लागते. एक पीपीएम म्हणजे घनमीटरला सुमारे ३,२०० मायक्रोग्रॅम; कारखान्यातली मर्यादा आणि रस्त्यावरची मर्यादा यांतले अंतर यावरून कळते. युरोपीय महासंघाने २०२२ च्या निर्देशाने कामाच्या जागेची मर्यादा १ पीपीएमवरून एप्रिल २०२४ पासून ०.५ आणि एप्रिल २०२६ पासून ०.२ पीपीएम अशी टप्प्याटप्प्याने खाली आणली आहे.