अपपाठ, पॅच आणि मोडतोड

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराला उगम पावलेली गोदावरी पुढे पैठणला पोचते. त्या पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शके १२१२ चा. मधल्या सुमारे तीनशे वर्षांत नकला होता होता अपपाठ शिरले होते. ते दूर करून एकनाथांनी यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली.

अनेक हातांतून जाणारा मजकूर शुद्ध कसा राखायचा, हाच प्रश्न पुढे संगणकाच्या आज्ञावलींबाबत उभा राहिला. १९७४ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत 'डिफ' तयार झाले. ते दोन प्रतींमधील फरकांची यादी देते. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' लिहिले. ते अशी यादी वाचून जुनी प्रत दुरुस्त करते. ओळी थोड्या सरकल्या असल्या, तरी आजूबाजूच्या ओळींवरून योग्य जागा शोधते. त्यामुळे संपूर्ण आज्ञावली न पाठवता फक्त बदल पाठवणे शक्य झाले.

१९९१ मध्ये फिनलंडचे विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स जाहीर केले. जगभरातील स्वयंसेवक त्यांना पॅच पाठवू लागले. ओघ इतका वाढला, की काही पॅच हरवू लागले. अखेर २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी 'गिट' लिहिले. कोणी, केव्हा, काय बदलले, याची त्यात नोंद राहते.

या नोंदीचा मोठा उपयोग मोडतोड शोधताना होतो. समजा, १०२४ बदलांपैकी एकाने बिघाड केला. मधली प्रत तपासावी. ती चालली, तर दोष नंतरच्या ५१२ मध्ये; नाही चालली, तर आधीच्या ५१२ मध्ये. असे निम्मे-निम्मे करत गेल्यास १० चाचण्यांत दोषी बदल सापडतो. एक ते १०२४ मधील मनातली संख्या ओळखण्याचा खेळ वर्गात घेतला, तर मुलांना हे लगेच पटेल.

मात्र यासाठी बिघाड दिसावा लागतो. २०१२ मध्ये 'ओपनएसएसएल' या सुरक्षेच्या आज्ञावलीत एक नवी सोय आली. तिच्यात मागितलेल्या मजकुराची लांबी तपासायची राहिली होती आणि ही चूक तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटली. वरवर सारे सुरळीत होते; पण संगणकाच्या स्मृतीतील गुप्त माहिती बाहेर काढता येत होती. हे उघड झाले एप्रिल २०१४ मध्ये. जगभर वापरली जाणारी ही आज्ञावली मोजकी माणसे सांभाळत होती.

एकनाथांनी नव्या ओवीला दार बंद केले. इथे दार सर्वांना उघडे आहे. म्हणूनच आत येणारी प्रत्येक ओळ वाचणारी माणसे पुरेशी हवीत, असे आम्हांला वाटते.