नाव ठेवायचं की नावं ठेवायची?

मराठीत एका टिंबानं केवढा घोटाळा होतो बघा. लेकराला नाव ठेवतात आणि शेजाऱ्याला नावं ठेवतात. आजची पोस्ट कुत्र्याच्या पिल्लाच्या नावावर आहे, पण ती राजकारणाचीच आहे. जरा लांब झालीय, सवडीनं वाचा.

आपण जांबचे लोक. नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. १६०८ साली इथं सूर्याजीपंत ठोसरांच्या घरात जन्मलेल्या पोराचं नाव नारायण होतं. पुढं तो रामदास झाला, लोकांनी त्याला समर्थ म्हटलं, आणि नुसतं जांब असलेलं गाव जांब समर्थ झालं. पोरानं गावाचं नाव बदलल्याची उदाहरणं फार नसतात.

तर झालं असं, की आमच्या गल्लीतल्या पोरांनी एक पिल्लू आणलं. पांढरं, पाठीवर काळे ठिपके, एक कान मुडपलेला. नाव ठरवायला बैठक बसली. ब्रुनो झालं, सिंबा झालं, रॉकी झालं. मग एकानं एका पुढाऱ्याचं आडनाव सुचवलं. ‘त्यांच्या’ पुढाऱ्याचं. सगळे हसले. मी म्हणलं, अरे हे काय? तर पोरगा म्हणतो, "मज्जा आहे की काका, हाक मारली की शेपूट हलवत येतंय!" दोन दिवसांनी कळलं, की खालच्या गल्लीतही एक पिल्लू आहे आणि त्याला ‘यांच्या’ पुढाऱ्याचं नाव द्यायचं चाललंय.

वाचणाऱ्याला हसू येईल. मला आलं नाही. अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री, दोन्ही गावं शेजारच्या अंबड तालुक्यातली. ऑगस्ट २०२३ मध्ये एका ठिकाणी मराठा आरक्षणाचं उपोषण बसलं, जून २०२४ मध्ये दुसऱ्या ठिकाणी ओबीसी आरक्षण वाचवण्याचं बसलं. तेव्हापासून आपल्याकडं कोण कुणाच्या दुकानात जातो, कोण कुणाच्या लग्नाला जात नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. बातम्या मीच लिहिल्यात. अशा वेळी संध्याकाळी भर गल्लीत ‘त्या’ नावानं हाड-हाड सुरू झालं, की पुढचं सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पोरांना मी उपदेश केला नाही. ऐकतही नाहीत. त्यांना मी खंड्याची गोष्ट सांगितली.

साताऱ्याचे शाहू महाराज, म्हणजे थोरल्या छत्रपतींचे नातू. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि १७४९ पर्यंत राज्य केलं. त्यांना शिकारीचा आणि कुत्र्यांचा भारी नाद. एकदा वाघाच्या शिकारीत त्यांच्या आवडत्या कुत्र्यामुळं त्यांचा जीव वाचला. महाराजांनी काय करावं? कुत्र्याच्या नावानं जहागिरीची सनद काढली आणि त्याला पालखीचा मान दिला! ग्रँट डफ हा साताऱ्यात राहिलेला ब्रिटिश अधिकारी. १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्यानं हे लिहून ठेवलंय. आणखी एक किस्सा त्यानंच दिलाय: दरबारात भेटीला आलेल्या सरदारांची जिरवायला महाराजांनी कुत्र्याला जरीचे कपडे, दागिने घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. म्हणजे कुत्रं पुढं करून माणसाची टिंगल करायची युक्ती काही आमच्या गल्लीत निघालेली नाही. पण फरक बघा. महाराजांनी स्वतःची पगडी कुत्र्याला दिली, सरदाराचं नाव दिलं नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, त्या कुत्र्याची समाधी आहे. लोक त्याला खंड्या म्हणतात.

आता दुसरं नाव, वाघ्या. रायगडावरचा. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेतलेल्या इमानी कुत्र्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्याचा पुतळा समाधीजवळ १९३६ मध्ये उभा राहिला. त्यासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी देणगी दिल्याचं सांगतात. ऑगस्ट २०१२ मध्ये तो पुतळा काही कार्यकर्त्यांनी उखडला, नंतर परत बसवला गेला. मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तो हटवायची मागणी केली. त्यांचं म्हणणं, या कुत्र्याला समकालीन पुरावा नाही. होळकरांचं नाव जोडलेलं, त्यामुळं धनगर समाजातून विरोध झाला. पुराव्याचा मुद्दा इतिहासकारांनी सोडवायचा होता, तो दोन समाजांच्या अंगावर आला. माझं मत विचाराल तर १९३६ चा पुतळा हा १९३६ चा पुरावा आहे, १६८० चा नाही. पण १९३६ हासुद्धा इतिहासच आहे की ओ. खाली पाटी लावा, तारीख लिहा, भांडण मिटेल.

या दोन्ही नावांत मला एक गंमत दिसते. खंड्या आणि वाघ्या, दोन्हींचा वास जेजुरीचा आहे. खंड्या हे सरळ खंडोबाचं नाव. आणि वाघ्या म्हणजे खंडोबाला वाहिलेला माणूस. खंडोबाच्या मूर्तीजवळ, चित्रात घोड्याच्या पायाशी, कुत्रं असतंच. भंडारा लावलेले वाघ्ये कोटंब्यात वाढलेलं अन्न कुत्र्यासारखं भुंकत खातात. देवाचं कुत्रं होण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही, तो मान आहे. हा देव मराठ्यांचा, धनगरांचा, ब्राह्मणांचा, रामोशांचा, सगळ्यांचा. जेजुरीत त्याला मल्लूखान म्हणणारेही आहेत. कुत्र्याला देवाचं आणि देवाच्या माणसाचं नाव द्यावं, आणि त्यात कुणाचा अपमान वाटू नये, अशी ती दुनिया होती. आमच्या पोरांनी ती पार उलटी केली.

मधल्या काळात इंग्रज आले. आपल्या जालन्यात त्यांची छावणी होती. साहेबाबरोबर टॉमी, जॅक, टायगर आले आणि खेड्यापाड्यांत शिरले. टायगर म्हणजे वाघ्याच, फक्त इंग्रजी शिकलेला. ब्रुनो-सिंबा ही आत्ताची पिकं, सिनेमा आणि मोबाइलवर आलेली. मला त्यांचं वावडं नाही. निदान त्यात कुणाचं आडनाव नसतं.

पुराणात गेलात तर आणखी मजा. धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेल्या कुत्र्याला महाभारतानं नावच दिलेलं नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, त्यांना लोक चार वेद मानतात. ऋग्वेदात मात्र इंद्राची कुत्री आहे, सरमा. चोरून नेलेल्या गायी शोधायला ती एकटी जाते. देवांच्या दूताचं काम करणारी कुत्री! आणि यमाच्या दारातले चार डोळ्यांचे दोन कुत्रे तिचीच पिल्लं. परंपरेत त्यांची नावं श्याम आणि शबल. श्याम म्हणजे काळा. शबल म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांचा, कबरा.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतच हसलो. कारण आमच्या समोरच्या आजी, ज्यांना ऋग्वेद कुठं मिळतो हेही माहीत नाही, पिल्लू आलं त्या दिवसापासून त्याला "काबऱ्या, ये रे" म्हणून भाकर टाकतात. पोरांच्या दोन बैठका होईपर्यंत पिल्लू त्या हाकेला ओळखायला लागलं होतं. पुढाऱ्याच्या आडनावाला ते कान देईना. आजी भाकर देतात, पोरं नुसती हाक देतात. पिल्लानं काय ते ठरवलं. खालच्या गल्लीतल्या पिल्लाचं अजून ठरायचंय. तिथल्या पोरांच्या बापांशी मी बोललोय, दोघं समजूतदार आहेत.

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. लाल कंधारी बैल, घोडे, गाढवं, उंट, आणि कुत्रीसुद्धा येतात. या वर्षी जायचा विचार आहे. तिथं येणाऱ्या कुत्र्यांची नावं लिहून आणायचीत, मालक कुठला, कुठल्या समाजाचा हे न विचारता. तोवर तुमच्या आजा-पणजाच्या वेळच्या कुत्र्यांची नावं आठवत असतील तर खाली लिहा. फक्त नाव आणि गाव. आडनावं नकोत.