प्रतिजैविकांच्या अल्प मात्रेचा जीवाणूंच्या पेशीपृष्ठावरील परिणाम
जीवाणूंची दृश्य वाढ रोखण्यासाठी लागणाऱ्या प्रतिजैविकाच्या सर्वांत कमी प्रमाणाला 'किमान प्रतिबंधक संहती' असे म्हणतात. याहून कमी संहतीत जीवाणू सहसा मरत नाहीत. मात्र त्यांचा आकार, पृष्ठभागावरील प्रथिने, विद्युतभार आणि चिकटण्याची क्षमता बदलू शकते. औषधाच्या दोन मात्रांमधील काळात किंवा औषध नीट न पोहोचणाऱ्या ऊतींमध्ये अशी स्थिती उद्भवते.

इतिहास
पेनिसिलिनच्या अपुऱ्या प्रमाणात काही जीवाणू विभागले न जाता लांब तंतूंसारखे वाढतात, असे निरीक्षण ए. डी. गार्डनर यांनी इ.स. १९४० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात नोंदवले.

कार्यपद्धती
पेनिसिलिन गटातील औषधे पेशीभित्तिका बांधणाऱ्या विकरांना निष्क्रिय करतात. एश्चेरिशिया कोलायमध्ये विभाजनाच्या वेळी मधली भिंत उभारणारे विकर निष्क्रिय झाल्यास पेशी लांबत जाते, पण दुभंगत नाही. क्लिंडामायसिनसारखी औषधे रायबोसोमवर क्रिया करून प्रथिननिर्मिती मंदावतात. त्यामुळे पृष्ठभागावर पोहोचणारी प्रथिने घटू शकतात.

परिणाम
हे बदल रुग्णाच्या हिताचे ठरू शकतात, तसेच घातकही. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस या जीवाणूवरील 'एम' प्रथिन त्याला भक्षकपेशींपासून वाचवते. क्लिंडामायसिनच्या अल्प संहतीत हे प्रथिन कमी झाल्यास भक्षकपेशी त्याला सहज गिळतात. स्ट्रेप्टोमायसिनच्या अल्प संहतीत एश्चेरिशिया कोलायची यजमान पेशींना चिकटण्याची क्षमता घटल्याचेही आढळले आहे. याउलट, टोब्रामायसिनच्या अल्प संहतीमुळे स्यूडोमोनास एरुगिनोसा हा जीवाणू अधिक जैवपटल तयार करतो, असे इ.स. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. जैवपटल म्हणजे चिकट आवरणात एकत्र राहणारी जीवाणूंची वसाहत. तिच्यातील जीवाणूंना औषधांनी नष्ट करणे कठीण असते.

मापन
पृष्ठभागाची जलविरोधिता मोजण्यासाठी जीवाणूंचे पाण्यातील मिश्रण हेक्झाडेकेनसारख्या द्रव हायड्रोकार्बनसोबत घुसळतात. जलविरोधी पेशी हायड्रोकार्बनच्या थेंबांना चिकटतात व पाण्याचा गढूळपणा कमी होतो. पृष्ठभागावरील विद्युतभाराचा अंदाज विद्युतक्षेत्रातील पेशींच्या गतीवरून बांधतात.

महत्त्व
अल्प मात्रेचा परिणाम औषध व जीवाणूची जात यांनुसार बदलतो. त्यामुळे एका जोडीवरील निष्कर्ष दुसरीला लागू करता येत नाही. अपुरी मात्रा म्हणजे केवळ सौम्य उपचार नव्हे. तिच्यात टिकून राहिलेले जीवाणू दुर्बल झालेले असतीलच असे नाही. काही वेळा ते अधिक घट्ट चिकटून राहतात.